युरिमाग्वास ते इकितोस मालबोट: झोपेचे हाल, तरी जरूर जा

पेरूतल्या इकितोसला जाणार असाल आणि हाताशी तीन-चार दिवस मोकळे असतील, तर जाताना विमान टाळा. युरिमाग्वास या नदीकाठच्या गावाहून सुटणारी मालबोट पकडा. तिथे तिला 'लांचा' म्हणतात. मी ट्रान्सपोर्टच्या धंद्यातला, त्यामुळे गाव आधी धक्क्यावर बघतो. आणि इकितोसला बाकी देशातून रस्ताच नाही. तिथून निघणारा मोठा रस्ता शंभरेक किलोमीटरवर नाउताला जाऊन संपतो. एवढ्या लाखो लोकांच्या शहराचा सगळा भार नदीवर आणि विमानावर.

डांबरी रस्ता युरिमाग्वासला संपतो, म्हणून अँडीज ओलांडून आलेले ट्रक तिथे रिकामे होतात. कांद्याची पोती, सिमेंट, शीतपेयांचे क्रेट. अंड्यांच्या ट्रेची सुतळीने बांधलेली चळत खांद्यावर घेऊन हमाल ओल्या फळीवरून जवळजवळ धावतच आत जातात. एक अंडं फुटलेलं दिसलं नाही! पाटीवर 'आज' लिहिलेलं असलं तरी माल भरल्याशिवाय बोट हलत नाही. त्यावर चिडू नका, ही बोट मुळात मालासाठीच आहे.

झोपायचा हॅमॉक, म्हणजे टांगायची झोळी, बंदरावरच विकत मिळतो. वरच्या डेकवर, इंजिन आणि संडासापासून लांब टांगा. शेजाऱ्याचं कोपर रात्रभर लागतं, दिवे चालूच राहतात. घंटा झाली की आपला डबा-चमचा घेऊन रांगेत उभं राहायचं: भात, केळं, कोंबडीचा तुकडा. साधं, पण गरम. अंघोळ नदीच्याच पाण्याने.

वाटेत काठावरची माणसं हात करतात, बोट नाक चिखलात घालून थांबते आणि हिरव्या केळ्यांचे घड चढतात. एसटी आणि टेम्पो एकातच. वायागा नदीतून मारान्योन नदीत आणि नाउताजवळ उकायाली नदी येऊन मिळाली की पुढे अ‍ॅमेझॉन. तिथे दोन्ही काठ एकदम लांब जातात.

असं आल्यावर इकितोसचा इतिहास पटकन उलगडतो. 1864 मध्ये पेरूच्या नौदलाची जहाजं आणि कारखाना इथे आला, मग रबराच्या धंद्याची तेजी. समुद्र हजारो किलोमीटर लांब, तरी मोठी जहाजं थेट इथवर येत. त्याच पैशातून चौकातलं लोखंडी घर आणि परदेशी टाइल्स लावलेले वाडे उभे राहिले. त्याच रबरासाठी पुतुमायो नदीकाठच्या जंगलात आराना या पेरूच्या रबर व्यापाऱ्याच्या कंपनीने आदिवासींचे अनन्वित हाल केले. ब्रिटिश वकिलातीतल्या रॉजर केसमेंटने 1910 मध्ये तिथे जाऊन चौकशी केली. टाइल्सचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं. हेन्री विकहॅम या इंग्रजाने 1876 मध्ये ब्राझीलमधून नेलेल्या रबराच्या बियांपासून सिलोन-मलायात मळे झाले आणि इथली तेजी 1912 च्या सुमारास बसली.

आता तक्रार. मी गेलो त्या बोटीवर लाइफ जॅकेट प्रवाशांच्या मानाने फार कमी होती, आणि हे मला अजिबात चालत नाही. तिकिटाचे पैसे देण्याआधी जॅकेट दाखवायला सांगा. नाही दाखवली तर दुसरी बोट बघा.

पाणी उतरलेलं असताना, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, बोट वाळूत रुतू शकते. परतीचं विमान त्याच आठवड्यात असेल तर तेव्हा जाऊ नका. पाचपैकी चार.