कवचधारी अमिबांचं वर्गीकरण: १८एस, सीओआय की ट्रान्सक्रिप्टोम?

स्फॅग्नम शेवाळाच्या दलदलीत राहणारा हायलोस्फेनिया पॅपिलिओ सूक्ष्मदर्शकाखाली एकच प्रजात वाटतो. २०१३ मध्ये सीओआय या तंतुकणिकेतल्या जनुकाचे क्रम तपासले, तेव्हा त्यात १२ वेगळे वंश निघाले. कवचावर भागत नाही हे उघडच आहे. मग कोणतं जनुक घ्यायचं?

१८एस (रायबोझोमचं जनुक) मोठ्या गटांसाठी घ्यावं. अर्सेला आणि डिफ्लुजिया हे कवचधारी अमिबा अमीबोझोआ या मोठ्या गटात बसतात, तर युग्लिफा रायझेरिया या दुसऱ्याच गटात, म्हणजे कवच किमान दोनदा स्वतंत्रपणे उत्क्रांत झालं, हे याच जनुकाने पक्कं केलं. पण हे जनुक फार सावकाश बदलतं. नेबेला या कवचधारी अमिबाच्या जवळच्या प्रजाती त्यावरून नीट सुटत नाहीत, आणि मध्येच इंट्रॉन (जनुकातला जादा तुकडा) आला तर पीसीआरचा (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीचा) तुकडा अपेक्षेपेक्षा लांब येतो. सगळ्यात मोठी अडचण पोटातल्या अन्नाची. सर्वसाधारण प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होतो ते डीएनएचे छोटे तुकडे) खाल्लेल्या शैवालाचाही १८एस उचलतात. पॅपिलिओच्या पेशीत तर हिरवं शैवाल कायम वस्तीला असतं, त्यामुळे त्याला उपाशी ठेवून काही साधत नाही. इथे गटापुरते खास प्रायमरच हवेत.

सीओआय तंतुकणिकेतलं जनुक, साधारण ६५० बेसचा तुकडा. प्रजात ओळखायची असेल तर आमची पहिली पसंती हीच. कवचात जीवद्रव्य दिसणारी पेशी बारीक काचेच्या पिपेटने उचला, गाळलेल्या पाण्याच्या तीन-चार थेंबांतून धुवा आणि आधी फोटो काढा, कारण डीएनए काढताना पेशी संपते. ग्वानिडिन थायोसायनेटच्या द्रावणात एका पेशीतूनही डीएनए मिळतो. एलसीओ१४९० आणि एचसीओ२१९८ ही प्रायमरांची जोडी ४० अंश सेल्सियसच्या आसपास बसवतात. एवढ्या कमी तापमानाला ती जिवाणूंनाही चिकटते, म्हणून आतल्या प्रायमरने दुसरी फेरी करावी. दोन्ही फेऱ्यांत नमुन्याऐवजी नुसतं पाणी घातलेली कोरी नळी ठेवाच. अशा दोन फेऱ्यांच्या (नेस्टेड) पीसीआरमध्ये कणभर मिसळ झाली तरी ती ठळक पट्टी बनून दिसते. आलेल्या क्रमाचं अमिनो आम्लांत भाषांतर करून मध्येच थांबा-संकेत येतो का, तेही तपासा. मात्र याच जनुकावरून कुळांमधली जुनी नाती मांडू नका. तिथे झाडाच्या बुंध्याजवळच्या फांद्या डळमळतात.

एकपेशी ट्रान्सक्रिप्टोम (एका पेशीतल्या सगळ्या आरएनएचे क्रम) महाग आहे आणि त्याला जिवंत पेशीच लागते. आरएनए काही क्षणांत बिघडतो, म्हणून धुतलेली पेशी थेट पेशी फोडणाऱ्या विघटन द्रावणात टाकावी. पण एकदम शेकडो जनुकं हाती येतात. २०१९ मध्ये अर्सेलिनिडांचा (अर्सेला, डिफ्लुजिया यांच्या गटाचा) वंशवृक्ष याच पद्धतीने नव्याने उभा राहिला.

डिफ्लुजियाच्या नमुन्यावर काम असेल तर सीओआय आणि १८एस एकाच पेशीच्या डीएनएवर करा. या नावाखालच्या प्रजाती एका वंशातल्या नाहीत. एकट्या सीओआयने प्रजात वेगळी काढता येईल, पण ती कोणत्या शाखेवर ठेवायची ते ठरणार नाही. आणि नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला किंवा कवच रिकामं असेल तर यातल्या कशावरही पैसे घालू नका.