जुनी गाडी शोरूमला देताय? सह्या करण्याआधी हे वाचा

जुनी गाडी देऊन नवी घ्यायच्या बेतात असाल, तर नागपुरातल्या एका शोरूममध्ये आमच्यासोबत काय झालं ते वाचा आणि मगच बुकिंगचे पैसे भरा.

आमची पेट्रोल हॅचबॅक बारा वर्षांची. मे महिन्यात एसी बंद, सिग्नलला जरा जास्त उभी राहिली की इंजिन तापून बंद. बाबांना डायलिसिसला न्यावं लागतं, त्यामुळे गाडी बदलणं भागच होतं. सेल्समनने चहा मागवला आणि आपुलकीने विचारलं, "काकाजी, सध्याची गाडी त्रास देते का?" या एका प्रश्नाच्या उत्तरात आपली गरज आणि घाई दोन्ही त्यांना कळतात. भाव तिथूनच ठरायला लागतो.

जुन्या गाडीचे १,१०,००० मिळतील, वर एक्सचेंज बोनस वेगळा, असं तोंडी सांगितलं. आम्ही बुकिंगचे ११,००० भरले. कर्ज मंजूर झालं, नवी गाडी आली, आणि डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी त्यांचा व्हॅल्युएशनवाला घरी आला. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र त्याने डाव्या दरवाजाला टेकवलं, आकडा माझ्यासमोर धरला. मग ऑइलचं झाकण काढून आत बोट फिरवलं आणि मान हलवली. "दरवाजा रिपेंट आहे, सत्तरच्या वर नाही जमत." दरवाजा पहिल्या भेटीतही तसाच होता. तेव्हा गाडी त्यांच्याच दारात उभी होती, पण कोणी बाहेर येऊन पाहिली नाही. पाहायचीच नव्हती! भाव पाडायचा तो माणूस अडकल्यावर.

नवीन गाडीच्या कोटेशनमध्ये विमा ५२,००० चा लावला होता. तेवढंच कव्हर बाहेर ३३,००० ला मिळत होतं. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा दर सरकार ठरवतं, तो सगळीकडे सारखाच असतो. फुगवतात ते ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि अॅड-ऑन (वरची जादा कव्हरं). शिवाय आमचा ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, त्यांनी धरलाच नव्हता. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या विमा कंपनीकडून पत्र आणलं की नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर मिळतो. विमा बाहेरून घेतो म्हटलं तर उत्तर आलं, "मग पंधरा हजारांचा कॅश डिस्काउंट निघून जाईल." शोरूमचाच विमा घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही, म्हणून ती अशी डिस्काउंटच्या आडून करतात. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. म्हणून वेगवेगळ्या आकड्यांवर घासाघीस करूच नका. जुनी गाडी देऊन, विमा, टॅक्स, हँडलिंग, अॅक्सेसरीज सगळं धरून खिशातून एकूण किती जाणार, तो एकच आकडा शिक्क्यानिशी लिहून घ्या. बुकिंगच्या आधी.

खरा घोर पुढे लागला. डिलिव्हरीच्या गडबडीत जुनी गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या. घेणाऱ्याचं नाव कोरं. "ट्रान्सफरचं आम्ही बघतो." काही आठवड्यांनी मी घरात जेवत असताना मोबाइलवर मेसेज: बोरखेडी टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापले. आमची जुनी गाडी कोणीतरी वर्धा रोडने पळवत होतं. गाडीची सरकारी नोंद दाखवणाऱ्या एम-परिवहन अॅपवर पाहिलं तर मालक अजून मीच.

टोलचे पैसे फारसे नाहीत. पण त्या गाडीने कोणाला उडवलं असतं तर? नोंदीवर ज्याचं नाव, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. गाडी विकल्याचं विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. म्हणून घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरल्याशिवाय फॉर्मवर सही करू नका, भरलेल्या फॉर्मचे फोटो काढा, गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती घ्या, फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. जुन्या गाड्या घेणाऱ्या डीलरला एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते दाखवायला सांगा. माझ्या मेहुण्याने मागितलं, तर समोरच्याने विषयच बदलला.

मी गिरीपेठच्या आरटीओत लेखी अर्ज दिला, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आणि तिची प्रत शोरूमच्या मॅनेजरला पाठवली. त्यानंतर मात्र ट्रान्सफर झपाट्याने झालं. जुन्या गाडीचे कापलेले ४०,००० आणि विम्यातले जास्तीचे पैसे अजून मिळालेले नाहीत. त्यासाठी ग्राहक आयोगात जाण्याची कागदपत्रं जमवतो आहे.