मळ्यातली स्कॉर्पिओ-एन की सोसायटीतली एक्सयूव्ही ७००?

गेल्या दसऱ्याला नाशिकला आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आली. डिझेल, ऑटोमॅटिक, सात सीटची. त्याच्या वर्षभर आधी पिंपळगाव बसवंतला दाजींनी, म्हणजे आमच्या साडूंनी, स्कॉर्पिओ-एन घेतलेली. तीही महिंद्राचीच, डिझेल ऑटोमॅटिक, वर फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद. तेव्हापासून दोन्ही घरं जेवायला एकत्र बसली की ताटं वाढून व्हायच्या आत विषय निघतोच: पैसे कोणाचे वसूल झाले? शेवटी नोव्हेंबरात आम्ही आठ दिवसांसाठी किल्ल्या बदलल्या. द्राक्षाच्या फवारण्या ऐन भरात होत्या, दाजी कुरकुरले, पण तयार झाले.

या दोन गाड्यांत अडकलेले लोक मला पहिल्यांदा इंजिनाचं विचारतात. मी उलट विचारतो, घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कोण आणि तिसऱ्या रांगेत कोण बसणार? कारण इंजिनात निवडण्यासारखं फार काही नाही. दोन्हीकडे महिंद्राचं २.२ लिटरचं एमहॉक डिझेल. माझ्या वरच्या एएक्स७ व्हेरियंटमध्ये ते १८५ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) ताकद देतं, दाजींच्या झेड८ व्हेरियंटमध्ये १७५. टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, ऑटोमॅटिकला माझ्याकडे ४५० आणि त्यांच्याकडे ४०० न्यूटन मीटर, मॅन्युअलला ४२० आणि ३७०. कागदावर माझी गाडी पुढे आहे. कसारा घाटात सात माणसं भरून, एसी लावून दोन्ही चढवल्या. कोणीच दमलं नाही. ट्रकच्या मागून बाहेर पडताना एक्सयूव्ही एक श्वास आधी निघते, एवढंच. एक मात्र बघा. खालच्या व्हेरियंटचा भाव ऐकून खूश होऊ नका. मी घेतली तेव्हा, २०२५ ला, स्कॉर्पिओ-एनच्या झेड२ मध्ये हेच डिझेल १३२ पीएसचं मिळत होतं, एक्सयूव्हीच्या एमएक्स मध्ये १५५ चं.

खरा फरक खाली आहे. स्कॉर्पिओ-एन चॅसिसवाली गाडी आहे: लोखंडी शिडीसारखा सांगाडा, त्यावर बॉडी बसवलेली, ताकद मागच्या चाकांना. एक्सयूव्ही ७०० मोनोकॉक. सांगाडा आणि बॉडी एकच, पुढची चाकं ओढतात. ऑल व्हील ड्राइव्ह तिलाही मिळते, पण वरच्या डिझेल ऑटोमॅटिकमध्येच. पुढचं निम्मं पुराण या एका ओळीतून निघतं.

आईपासून सुरू करतो. वय बहात्तर, दोन्ही गुडघे कुरकुरतात. स्कॉर्पिओ-एनची उंची १८५७ मिलिमीटर, माझ्या गाडीची १७५५. दहा सेंटिमीटर म्हणजे वीतभरही नाही, पण आईला विचारा. दाजींच्या गाडीत चढताना ती आधी पायरीवर पाय ठेवते, मग हँडल धरते, मग "रामा रामा" म्हणते, मग माझी बायको मागून आधार देते. एक्सयूव्हीत ती पाठ टेकवून बसते आणि पाय आत घेते, कोणाची गरज नाही. आठ दिवसांत मंदिर, दवाखाना, भाजीबाजार धरून रोज दोनदा तरी चढउतार झाली. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "मी रिक्षाने जाते रे." मजा अशी, की एकदा वर बसली की तिला स्कॉर्पिओच जास्त आवडते. कंपाउंडच्या भिंतीवरून लोकांच्या अंगणात काय चाललंय ते दिसतं म्हणे.

तिसऱ्या रांगेचं सांगतो. दोन्ही गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, अगदी सारखा, २७५० मिलिमीटर, त्यामुळे मागे कोणी राजेशाही थाटात बसेल असं समजू नका. मोठ्या माणसाचे गुडघे दोन्हीकडे छातीशी येतात. एक्सयूव्हीत मागच्यांना एसीचे स्वतःचे व्हेंट आहेत. स्कॉर्पिओ-एनमध्ये नाहीत, पुढून येईल ती हवा. थंडीत चालून गेलं, एप्रिलात मालेगावच्या रस्त्यावर मुलं काय म्हणतील ते मी सांगायला नको. सप्तशृंगी गडाला दोन्ही घरांची पोरं मागे बसवून दोनदा गेलो. नांदुरीपासून वर चढताना स्कॉर्पिओ वळणावर कलते, मागे बसलेल्याला ते पुढच्यापेक्षा जास्त जाणवतं, आणि दाजींच्या धाकटीने चौथ्या वळणावर पिशवी मागितली. एक्सयूव्हीत तीच मुलगी वरपर्यंत भेळेच्या गप्पा मारत आली. उंच आणि चॅसिसवाली गाडी आहे, कलणारच. दाजी स्वतः गाडी चालवतात म्हणून त्यांना ते कधी कळलंच नव्हतं.

सामानात मात्र मला नवल वाटलं. तिसरी रांग उभी असेल तर स्कॉर्पिओ-एनमध्ये मागे जवळजवळ काहीच बसत नाही, माझ्या गाडीत दोन लहान बॅगा कशाबशा. इथपर्यंत ठीक. पण रांग मिटली की एक्सयूव्हीत सपाट फरशी मिळते. स्कॉर्पिओ-एनची सीट मिटून पुढे उभी राहते, म्हणजे जागा निघते पण सीटही तिथेच असते. मळ्यातल्या माणसाने मळ्यातली म्हणून घेतलेली गाडी, आणि क्रेट चांगले बसतात शहरातल्या गाडीत! दाजींनी दोन दिवसांत हे हेरलं आणि उरलेले सहा दिवस माझ्या गाडीतून औषधाचे बॉक्स आणि रिकामे क्रेट फिरवले. मागचं दारही वेगळं: माझं वर उचलायचं, त्यांचं बाजूला उघडणारं. आमच्या पार्किंगमध्ये मागे भिंत आहे. स्कॉर्पिओ रिव्हर्स लावली तर दार अर्धंच उघडतं, म्हणून आठ दिवस मी तोंड भिंतीकडे करून लावली.

आता दाजींची बाजू. ही गोष्ट किल्ल्या बदलायच्या आधीची. अवकाळी पाऊस पडून गेला होता आणि त्यांच्या मळ्यात जायला शेवटचा अर्धा किलोमीटर शिवारातला रस्ता आहे, काळ्या मातीचा. दाजी म्हणाले होते, "तुझी गाडी डांबरावर ठेव आणि चालत ये." मी ऐकलं नाही. पुढची चाकं चिखलात फिरायला लागली आणि गाडी जागची हलेना. गाडीचा काही दोष नाही, दोष माझा. ट्रॅक्टरने ओढून काढली, शेजारच्या दोन मळ्यांतली माणसं बघायला आली. त्याच रस्त्याने दुसऱ्या दिवशी दाजी फोर बाय फोर टाकून, एका हाताने फोनवर अडत्याशी बोलत (हे बरोबर नाही, मी त्यांना सांगितलंय) निघून गेले. तुमचा रोजचा रस्ता पेठ-हरसूलकडे, पावसाळ्यात वाडीवस्तीवर किंवा मळ्यात संपत असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. स्कॉर्पिओ-एन घ्या, आणि पैसे असतील तर फोर बाय फोरच.

शहरातल्या खड्ड्यांचा हिशोब जरा गुंतागुंतीचा आहे. सिंहस्थाच्या तयारीने नाशिकचे निम्मे रस्ते उकरलेले आहेत. मोठा खड्डा आला की स्कॉर्पिओ-एन त्यावरून दणकत जाते आणि आपण गाडीची काळजी करत नाही. तिला २५५ मिलिमीटरचे रुंद टायर आहेत, माझ्या गाडीला २३५ चे. लहान लहान उंचवट्यांवर, गाडी रिकामी असताना, स्कॉर्पिओ सतत हलत राहते. पाच-सहा माणसं बसली की शांत होते. एक्सयूव्ही उलट. लहान खड्डे गिळते, मोठ्याला मीच ब्रेक मारतो. एकटा ऑफिसला जाणारा माणूस आणि पाच जणांना घेऊन फिरणारा माणूस या एकाच स्कॉर्पिओबद्दल दोन वेगळी मतं देतील, आणि दोघंही खरं बोलत असतील.

हायवेवर तुलनाच संपते. इगतपुरीहून समृद्धी धरली की आठेक किलोमीटरच्या बोगद्यातून थेट भिवंडीजवळचं आमणे. ५ जून २०२५ ला हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून आम्ही मुंबईच्या बाजूला जाताना बऱ्याचदा तिकडूनच जातो. शंभरच्या पुढे एक्सयूव्ही रस्त्याला चिकटून बसते, बोलायला आवाज चढवावा लागत नाही. स्कॉर्पिओ-एनही तेवढ्याच वेगाने जाते, पण आडवा वारा लागला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावंसं वाटतं. पुण्याला जाताना सिन्नर-संगमनेरच्या पुढे, चंदनापुरीच्या वळणांवरही तेच.

सुरक्षेत दोन्हींना ग्लोबल एनकॅपचे (गाड्या धडकवून तपासणारी संस्था) मोठ्यांसाठी पाच तारे आहेत, एक्सयूव्हीला २०२१ मध्ये आणि स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये मिळालेले. मुलांसाठी एक्सयूव्हीला चार, स्कॉर्पिओ-एनला तीन. लहान मुलं असतील तर हा एक तारा शोरूममध्ये कोणी सांगत नाही, तुम्हीच लक्षात ठेवा. स्क्रीन, सनरूफ, स्पीकर यांत एक्सयूव्ही वरचढ, पण त्यावर मी गाडी निवडणार नाही.

मायलेज टाकी फुल ते टाकी फुल असं मोजलं. माझी शहरात लिटरला साडेदहा-अकरा किलोमीटर, हायवेला पंधराच्या आसपास. दाजींच्या गाडीत तेवढ्याच फेऱ्यांत दीड-दोन किलोमीटर कमी पडले. टाकी माझी ६० लिटरची, त्यांची ५७.

पण डिझेल घ्यायचंच का, हे आधी ठरवा. बीएस६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांत बसणाऱ्या, डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी असते. ती काजळी अडवते, आणि साचलेली काजळी अधूनमधून जाळून टाकते. त्यासाठी एक्झॉस्ट चांगलाच तापावा लागतो, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं सलग, एका वेगाने गाडी पळाली पाहिजे. कॉलेज रोडवरून मुलांना शाळेत सोडून परत येणाऱ्या गाडीला हे कधी मिळायचं? जळणं अर्धवट राहिलं की जाळी चोंदते, जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, आणि मग वर्कशॉपच्या फेऱ्या. मी रविवारी सकाळी त्र्यंबकपर्यंत जाऊन येतो. आई समजते मी दर्शनाला जातो, दर्शनही होतं. त्यात भर डीईएफची. युरियाचं हे पाणी वेगळ्या टाकीत भरावं लागतं, दोन्ही गाड्यांना. पंपावर पोऱ्या भरत असेल तर खाली उतरून उभे राहा, ते डिझेलच्या टाकीत गेलं तर खर्च मोठा.

पैशांचं एक गणित शोरूममध्ये मला शेवटच्या दिवशी कळलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा सेस जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी झाला, म्हणून तर दसऱ्याला गर्दी होती. पण आपला आरटीओचा कर त्याच्यावर वेगळा. महाराष्ट्रात वैयक्तिक डिझेल गाडीला दहा ते वीस लाखांच्या किमतीवर १४ टक्के, वीस लाखांच्या वर १५ टक्के. पेट्रोलला तेच १२ आणि १३. २०२५ च्या दसऱ्याला या दोन्ही गाड्यांचे वरचे व्हेरियंट वीस लाखांच्या उंबरठ्यावर घुटमळत होते. १९ लाख ९० हजारांच्या गाडीला कर होतो पावणेतीन लाखांच्या थोडा वर, २० लाख १० हजारांच्या गाडीला तीन लाखांच्या वर. वीस हजारांच्या जादा सामानासाठी वरून तेवीस हजार कर. व्हेरियंट निवडताना वही-पेन घेऊन बसा.

आठव्या दिवशी किल्ल्या परत केल्या. दाजींनी टाकी फुल करून दिली, मागच्या फरशीवर क्रेटचे दोन ओरखडेही दिले. गाडी बदलतोस का, असं दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. जेवताना बायकोचा धाकटा भाऊ म्हणाला, तोही याच दोनपैकी एक डिझेल बघतोय. राहतो इंदिरानगरला, कंपनी अंबडला, दिवसाचं जाणं-येणं दहा किलोमीटर, वर्षातून एकदा कोकण. मी आणि दाजी एकदमच म्हणालो, "पेट्रोल घे." त्या विषयावर आमचं एकमत झालेलं घरात पहिल्यांदाच ऐकलं सगळ्यांनी.