लागोपाठ हार, लागोपाठ जीत: डावावर किती लावायचं?

खेळांवर पैसे लावणारा ओळीने आठ डाव हरला की त्याला वाटतं, आपलं कुठे तरी मोठं चुकतंय. हिशेब तसं म्हणत नाही. शंभरातले ५२ डाव जिंकणारा माणूसही हजार डाव होईपर्यंत एकदा तरी लागोपाठ आठ हरण्याची शक्यता साधारण चारात तीन आहे. असे दिवस येणारच. त्या दिवशी डावाची रक्कम आधी लिहून ठेवलेला नियम ठरवणार की डोक्यातला राग, एवढं पाहून पद्धत निवडावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुलनेसाठी भांडवल १०० युनिट धरू (युनिट म्हणजे तुम्ही ठरवाल ती एक रक्कम) आणि भाव १.९१, म्हणजे १ लावून जिंकलं तर नफा ०.९१. या भावाला नुसतं बरोबरीत राहायलाही शंभरात ५२ पेक्षा थोडे जास्त डाव जिंकावे लागतात.

आधी दुप्पट लावण्याची पद्धत बाजूला काढू. हरलं की पुढचा डाव दुप्पट, एकदा जिंकलं की सगळं वसूल, असं तिचं म्हणणं. पण १, २, ४, ८ असे चार डाव गेले की १५ युनिट गेले. पाचवा १६ चा डाव जिंकला तरी हाती येतात १४.५६. म्हणजे १.९१ च्या भावाला पाचव्या डावापासून वसुलीही पूर्ण होत नाही. आणि सहा हरल्यावर ६३ गेलेले असतात, सातव्याला ६४ हवेत, शिल्लक ३७. डाव तिथेच संपतो. १९१३ मध्ये मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटच्या लाल-काळ्या आकड्यांच्या चाकावर सलग २६ वेळा काळा आकडा आला, तेव्हा ‘आता तरी लाल येईलच’ म्हणत रक्कम वाढवत गेलेल्यांचं असंच झालं. मागचा निकाल पुढच्या निकालाचं काही देणं लागत नाही.

खरी निवड आहे ती ठरावीक रक्कम आणि भांडवलाची टक्केवारी यांत. दर डावाला २ युनिट लावणाऱ्याकडे आठ हारींनंतर ८४ उरतात, तर दर वेळी शिल्लक रकमेच्या २ टक्के लावणाऱ्याकडे ८५. वीस हारींनंतर ६० आणि जवळपास ६७. सलग आठ जिंकल्यावरही दोघे ११५ च्या आसपासच असतात. आकड्यांत फरक थोडा, वागण्यात मात्र बराच. टक्केवारीत पडत्या काळात रक्कम आपोआप उतरते, हा तिचा मोठा गुण. पण एकाच संध्याकाळी चार सामने चालू असतील, तर ‘शिल्लक’ नेमकी कुठली धरायची? प्रत्येक डावाआधी हिशेब मांडायचा म्हटलं की आकड्याशी खेळायची संधी मिळते. जिंकत असताना दोनाचे तीन टक्के कधी होतात आणि तिनाचे पाच कधी, कळतही नाही. ठरावीक रकमेत ही पळवाट नसते. नवख्याने दोन्हींचा मेळ घालावा: महिन्याच्या पहिल्या दिवशी भांडवलाचे १ ते २ टक्के काढायचे आणि महिनाभर तीच रक्कम, काहीही झालं तरी.

चौथी पद्धत केलीची. बेल लॅब्स या अमेरिकन संशोधनसंस्थेतल्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलेलं हे सूत्र जिंकण्याची शक्यता आणि भाव यांवरून रक्कम ठरवतं. गणित चोख आहे, धोका आपल्या अंदाजात आहे. शक्यता ५५ टक्के धरली तर सूत्र साधारण साडेपाच टक्के लावायला सांगतं. तसे आठ डाव गेले की १०० चे ६३ उरतात. खरी शक्यता ५२ असेल तर त्याच सूत्राचं उत्तर येतं: काहीच लावू नका. आता जिंकण्याचा सपाटा चालू असलेला माणूस पाहा. आत्मविश्वास वाढलेला, म्हणून तो ५५ ऐवजी ५८ लिहितो. रक्कम थेट १२ टक्क्यांजवळ जाते. सूत्र पाळल्याचं समाधानही मिळतं आणि शिस्त मोडलीय हे त्याला दिसतही नाही. हारीतली घाई निदान लक्षात तरी येते. म्हणून शेकडो डावांची नोंद हाताशी नसेल तर केलीचं सूत्र नको, आणि नोंद असली तरी सूत्र सांगेल त्याच्या अर्धीच रक्कम लावावी.

चांगल्या-वाईट काळात स्वतःला जोखायचं कशावर? अलीकडच्या दहा-वीस निकालांवर तर नाहीच. आपण घेतलेला भाव आणि सामना सुरू होतानाचा शेवटचा भाव शेजारी शेजारी लिहावा. तुम्ही २.०० ने घेतलं, बंद होताना १.८५ झालं, म्हणजे तुमची बाजू जिंकण्याची शक्यता बाजारालाही नंतर जास्त वाटली, आणि असं वारंवार होत असेल, तर हरतानाही तुमचा अंदाज ठीक आहे. रक्कम बदलू नका. उलट होत असेल, तर चालू असलेली जीत बहुधा योगायोगाची. काही शे डावांनंतरही नोंद उलटीच सांगत असेल तर वरची कुठलीच पद्धत उपयोगाची नाही, कारण रकमेची शिस्त तोट्याचा वेग कमी करते, तोट्याचा नफा करत नाही. उधारीचे किंवा घरखर्चाचे पैसे लागत असतील, हरलेलं घरच्यांपासून लपवावं लागत असेल, तर प्रश्न पद्धतीचा राहिलेलाच नाही. खातं बंद करून व्यसनमुक्ती समुपदेशकाशी बोलावं.