सेंट थॉमस कॅथेड्रल, मुंबई : सातारकरांनी वाट वाकडी करून पाहावे असे

मंत्रालयातील कामासाठी साताऱ्याहून मुंबईला जाणाऱ्यांपैकी ज्यांच्या हाती तासभर मोकळा असेल, त्यांनी हॉर्निमन सर्कलजवळचे हे कॅथेड्रल अवश्य पाहावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. चर्चगेट स्थानकापासून हुतात्मा चौकावरून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि त्या स्थानकाचे नाव ज्या चर्चमुळे पडले, ते हेच.

गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यांच्या काळात १६७६ मध्ये पायाभरणी झाली. परंतु पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि अर्धवट भिंती सुमारे चार दशके तशाच उभ्या राहिल्या. रिचर्ड कॉब या धर्मोपदेशकाने वर्गणी जमवून काम तडीस नेले व १७१८ च्या नाताळात, म्हणजे साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज असताना, येथे उपासना सुरू झाली. १८३७ मध्ये मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाल्यावर या चर्चला कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, दर्जा लाभला.

खरा ऐवज आहे तो भिंतींवरील संगमरवरी स्मारकांत. कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांच्या या स्मृतिशिला सावकाश वाचल्या, तर ऐन तारुण्यात आजाराने वा लढाईत गेलेली किती माणसे त्यांत आहेत हे ध्यानात येते, आणि परकी सत्ता असूनही मन हळवे होते. काशी व काठियावाडातील बालिकाहत्येची प्रथा रोखण्यासाठी झटलेले गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे स्मारक तर चुकवूच नये.

सातारकराला येथे आणखी एक धागा सापडतो. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी तथा अप्पासाहेब महाराज निवर्तले, तेव्हा साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे दरबारातील कंपनी सरकारचे प्रतिनिधी, असलेल्या बार्टल फ्रिअर यांनी राज्य खालसा करण्याच्या विरोधात मत दिले होते. ते मानले गेले नाही. तेच फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत कोटाची तटबंदी पाडली गेली, तीत या चर्चच्या दिशेने उघडणारी वेसही गेली.

वास्तूच्या जतनकार्याला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला असून तो सार्थ वाटतो. स्मारकांवरील मजकूर मुख्यतः इंग्रजीत आहे, त्यामुळे शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी आधी तयारी करून जावे. रविवारी सकाळी उपासना चालते. तेव्हा निवांत पाहण्यासाठी इतर दिवस निवडावा.