गोगलगाय बघितल्याशिवाय औषध न देणारं दुकान

जुलैत सोयाबीन नुकतं उगवून आलं आणि धुऱ्याकडच्या तीन ओळींतली रोपं एका सकाळी बुडापासून खाल्लेली दिसली. आधी दुसऱ्या एका दुकानातून अळीचं औषध आणलं होतं. दोनदा फवारलं, पैसे गेले आणि रोपंही गेली. पोरगा रात्री बॅटरी घेऊन वावरात गेला तेव्हा समजलं, हे गोगलगाईचं काम.

मोर्शीच्या या कृषी केंद्रात मी नुसतं तोंडी सांगितलं, तर दुकानदार भाऊ म्हणाले, "ताई, मले आधी ते आणून दाखवा. गोगलगाय काई एकच नसते."

दुसऱ्या दिवशी डब्यात तीन घेऊन गेले. बाजाराचा दिवस, काउंटरवर गर्दी. तरी त्यांनी हाताला पिशवी गुंडाळून एकेक उजेडात धरली. आपल्या इकडची साधी गोगलगाय चपटी, गोल, चकचकीत. ही निमुळत्या टोकाची, बोटभर लांब, फिक्या शंखावर तपकिरी उभे पट्टे. शंखाच्या तोंडात मधला दांडा असतो, तो हिचा खाली छाटल्यासारखा एकदम संपतो. हे त्यांनी मला स्वतः बघायला लावलं. तळ्यातलीच्या तोंडाला टणक झाकण असतं, तेही हिला नाही. "ही आफ्रिकेची शंखी. १८४७ साली बेन्सन नावाच्या इंग्रजानं मॉरिशसवरून कलकत्त्याले आणली."

नर-मादी एकाच अंगात, आणि एका खेपेला शंभरावर अंडी, साबुदाण्यासारखी, मातीत. म्हणून मोठ्या आधी वेचा म्हणाले. गुळाच्या पाण्यात भिजवलेला बारदाना संध्याकाळी धुऱ्यावर टाकायचा, सकाळी हातमोजे घालून खालच्या गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. उघड्या हातानं अजिबात नाही, तिच्यातल्या जंतानं माणसाच्या मेंदूला सूज येऊ शकते. एवढं सगळं सांगून मग गोगलगाय मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचा विषय काढला, आणि त्याआधी घरी कुत्रं आहे का ते विचारलं. कुत्र्यानं तोंड लावलं तर जीव जातो.

तीन सकाळींत दोन घमेले भरून निघाल्या.

तक्रार एकच. गोळ्या संपलेल्या होत्या, दोन दिवसांनी आल्या, आणि तेवढ्यात सोयाबीनच्या अजून दोन ओळी गेल्या. भाऊ, मृग लागायच्या आधीच आणून ठेवत जा.

माझ्या डब्यातला एक शंख त्यांनी धुवून काउंटरच्या काचेखाली ठेवला आहे. गोगलगाईसाठी कोणी आलं की आधी तोच दाखवतात.