शनिवारची रात्र: रेडिओ की मोबाईल?

आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952 मध्ये, बा. वि. केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री असताना सुरू झाला. शनिवारी रात्री तो ऐकायचा, की तोच राग मोबाईलवर सवडीने लावायचा?

सोय मोबाईलचीच. आवाज स्वच्छ, मिडियम वेव्हची खरखर नाही, आणि एखादी तान दहादा मागे नेऊन ऐकता येते. शिकणाऱ्याला हे वरदानच आहे.

पण रेडिओवर निवड आपली नसते, आणि मला तेच मोलाचं वाटतं. आमच्याकडे आजोबा नऊच्या सुमारास काटा हळूहळू फिरवत. खरखरीतून तानपुरा वर यायचा तेव्हा त्यांचा हात बटणावरच थांबायचा. गाण्याआधी भाषण लागलं तर तेही ऐकायचं. इतिहास, भाषाशास्त्र, शेती, जे असेल ते. मी स्वतः होऊन असं भाषण कधीच शोधलं नसतं. शिवाय रागाची वेळ पाळली जायची: रात्री बागेश्री, तोडी सकाळीच. मोबाईलवर पहाटेचा भैरव मध्यरात्रीही लागतो, आणि पाच मिनिटांत बोट पुढच्या गाण्याकडे वळतं. विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीत सावकाश उलगडणारं गाणं, तिथे अर्धवटच राहतो.

रियाजासाठी मोबाईल ठेवा. शनिवारी रात्री मात्र मी रेडिओच लावते.